थोरला गुण्या पडला तेव्हा

ही हकीकत सांगायचं मी वीस-बावीस वर्षं टाळत आलो. बायको होती तोवर तिला सांगितली नाही, मुलीला सांगितली नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच. तो माणूस मागच्या वर्षी गेला. आता सांगून त्याचं काही परत येणार नाही, हे मला कळतं. तरी लिहितो, कारण त्याच्या अंगाला जे खोटं चिकटलं ते माझं होतं, आणि मी गेल्यावर ते खोटं होतं हे सांगणारं कुणीच उरणार नाही.

मी सुतार. आता हात थरथरतात, म्हणून काम बंद आहे. मुलगी मात्र यंदा सुतारकामाच्या नादाला लागली. ऑफिस घरूनच असतं, त्यामुळे दुपारी गॅलरीत फळ्या मांडून काहीबाही करते. एक दिवस तिने केलेलं पुस्तकांचं शेल्फ जमिनीवर ठेवलं तर ते डुगडुगायला लागलं.

"बाबा, चार वेळा कापलं हो. प्रत्येक वेळी कोपरा वाकडाच."

मी म्हटलं, काटकोन आखायचा तो गुण्या दाखव. तिने खोक्यातून निळ्या मुठीचा चकचकीत गुण्या काढला. ऑनलाइन मागवलेला.

"साडेचार स्टार आहेत याला," ती म्हणाली.

"स्टार देणाऱ्यांनी उलटा करून बघितला होता का?"

"उलटा म्हणजे?"

मी सरळ कडेची एक फळी घेतली. गुण्याची मूठ कडेला टेकवून पात्याच्या बाजूने पेन्सिलने रेघ मारली. मग गुण्या पालथा केला, मूठ त्याच कडेला टेकवली आणि त्याच जागेवरून दुसरी रेघ मारली. गुण्या खरा असेल तर दोन्ही मिळून एकच रेघ दिसते. खोटा असेल तर रेघा खाली एकत्र निघतात आणि वर जाताजाता एकमेकींपासून सुटतात. जेवढ्या सुटतात त्याच्या निम्मी गुण्याची चूक. मुलीच्या गुण्याच्या रेघा चांगल्याच सुटल्या होत्या.

ती वाकून त्या दोन रेघांकडे बघायला लागली. मग म्हणाली, "म्हणजे मी वाकडी नाही!" आणि हसायला लागली.

मला हसता आलं नाही. हे असं कळणं, की आपण वाकडे नाही, एका माणसाला आयुष्यभर मिळालं नाही.

हात पुसायला जुनं फडकं हवं म्हणून तिने माझं कपाट उघडलं आणि तळाशी ठेवलेलं फलाटीनचं गाठोडं बाहेर काढलं. आत काळा पडलेला पोलादी गुण्या होता, हातभर लांबीचा, एकाच पत्र्याचा.

"हा कुणाचा? बाबा, घरात एवढा भारी गुण्या असताना मी ऑनलाइन कशाला मागवला? हाच वापरते."

"नको."

"का? खोटा आहे?"

"खरा आहे. पण तो नको."

मी तो तिच्या हातून काढून घेतला. घेताना हात थरथरला आणि ती ओरडली, "बाबा, पडेल!"

त्या एका शब्दाने मला खाली बसावं लागलं. तिला वाटलं, साखर कमी झाली. तिने लिंबू-सरबत आणलं. मी ते प्यायलो आणि गुण्या पुन्हा गाठोड्यात बांधला.

दुसऱ्या दिवशी मीच तिला तुळिंजच्या हार्डवेअरच्या दुकानात नेलं. दुकानदाराला म्हटलं, आहेत तेवढे नऊ इंची काढा. त्याने सात काढले. मी पिशवीतून फळी काढून काउंटरवर ठेवली आणि एकेक तपासायला घेतला.

"काका, गुण्या घेताय की जावई बघताय?" दुकानदार म्हणाला.

"जावई आहे आधीच," मुलगी म्हणाली. "त्याला असं उलटा करून बघायचं राहून गेलं."

सातांपैकी दोन खरे निघाले. चकाकी, वजन, खोका, किंमत यांनी काही कळत नाही, हे मी तिला सांगितलं. मूठ आणि पातं जुळतं तिथली जागा उजेडाकडे धरून बघायची, पात्याच्या कडेवरून नख फिरवून खाच लागते का बघायचं, बाहेरचा कोन तपासला तरी आतलाही तपासायचा. आणि एकदा घेतला की दुसऱ्याला द्यायचा नाही.

"आणि पडला तर?" तिने विचारलं.

"पडला तर लगेच तपासायचा. पडलाच नाही असं समजायचं नाही."

बाहेर पडताना ती म्हणाली, "हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?"

"एका माणसाने. याच दुकानात."

तेव्हा काउंटरवर या दुकानदाराचे वडील बसायचे. मी पंचेचाळिशीचा होतो. मुंबईतला आमचा कारखाना बंद पडल्यावर नालासोपाऱ्यात राहायला आलो होतो. मुलगी दहा वर्षांची. पाच-सहा महिने कुणी काम दिलं नाही, कारण त्या वयाच्या नव्या माणसाला ठेवायला लोक कचरतात. शेवटी तुळिंजमधल्या एका मिस्त्रींच्या कारखान्यात लागलो. तेही एका माणसाने शब्द टाकला म्हणून. तो जूचंद्रचा. घरची खाडीकाठची भातशेती आणि पूर्वी थोडं मिठागराचं काम, पण हात सुताराचा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो. मी कोकणातला, म्हणून तो मला कोकन्या म्हणायचा.

"काय रं कोकन्या, तुझा गुन्या खय ठेवलास?" तो माझ्या बोलीची नक्कल करायचा. मी म्हणायचो, "दादा, आमच्याकडे असं बोलत नाहीत." तो म्हणायचा, "नाय बोलत? मग तुमच्याकडं बोलतात तरी काय?" आणि डब्यातली तांदळाची अर्धी भाकरी माझ्या पुढ्यात टाकायचा.

माझा जुना गुण्या त्याने पहिल्याच आठवड्यात फळीवर उलटा केला आणि माझ्या तोंडासमोर धरला. "यो फेकून दे. वाकड्या मानसाशी संसार होतो, वाकड्या गुन्याशी नाय होत." तोच मला दुकानात घेऊन गेला. त्याने अकरा गुण्ये काढायला लावले, एक निवडला, आणि म्हणाला, "यो घे. यो तुला दगा नाय देनार."

आमच्या कारखान्यात एक पद्धत होती. मिस्त्रींच्या वडिलांचा एक मोठा पोलादी गुण्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असायचा. त्याला सगळे थोरला म्हणायचे. त्याने रोजचं काम कुणी करायचं नाही. अमावास्येला आमची सुट्टी, पण सकाळी दोन तास सगळ्यांनी यायचं, हत्यारांना धार लावायची आणि आपापला गुण्या थोरल्याला लावून बघायचा. दोघांच्या मधून उजेड दिसला तर मिस्त्री आपल्या हाताने तो सुधारायचे. आमचे गुण्येही एका पत्र्याचेच. आतल्या कोपऱ्याशी पंच, म्हणजे टोकदार पोलादी कांडी, ठेवून हातोडी मारली की कोन किंचित उघडतो, बाहेरच्या कोपऱ्याशी मारला की मिटतो. दोन-तीन ठोक्यांत गुण्या थोरल्याशी जुळायचा.

आणि दुसरी पद्धत ही की कुणाच्याही हातून गुण्या पडला तर त्याने जागच्या जागी मोठ्याने ओरडायचं, "पडला!" मग सगळं काम थांबायचं, गुण्या तपासला जायचा, आणि मगच रंधे पुन्हा सुरू व्हायचे. ओरडणाऱ्याला मिस्त्री कधी रागावले नाहीत. पण एकाने पडलेला गुण्या गुपचूप उचलून ठेवला होता, त्याला त्यांनी त्याच दिवशी हाकलला, हे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं होतं.

त्या सुमारास आम्हाला कळंबला समुद्राजवळच्या नव्या कॉटेजेसचं काम मिळालं होतं. चोवीस दारं. चौकटी दादाने केल्या, आणि त्या बसवायला तो दोन मजुरांना घेऊन कळंबलाच राहायला गेला. दारं कारखान्यात आम्ही करायची होती.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर चहाला गेले. मी आत एकटाच. माझा नवा गुण्या थोरल्याशी जुळतो का, हे बघायची मला घाई झाली होती. अमावास्या तीन दिवसांवर होती, तेवढं थांबवलं नाही. मी थोरला खिळ्यावरून काढला. विचारायचं मनात आलं नाही. तो माझ्या गुण्याला लावला, उजेडाकडे धरला. मधून एक केसही उजेड नव्हता. मला इतका आनंद झाला की मी थोरला बेंचच्या कडेवर ठेवून माझाच गुण्या पुन्हा बघत बसलो. कोपराचा धक्का लागला. थोरला शहाबादी फरशीवर कोपऱ्यावर पडला.

त्या आवाजाचं वर्णन मला करता येणार नाही. घंटेसारखा होता, आणि लांबला. मला वाटलं, तो रस्त्यापर्यंत गेला. मी दाराकडे बघत राहिलो. तोंड उघडं होतं. शब्द एकच होता आणि तो म्हणायला कुणी मनाई केली नव्हती. पण मनात आलं, थोरल्याला हात लावायला तुला कुणी सांगितलं होतं? मग मुलीची शाळा मनात आली, आणि ते बिनकामाचे महिने, दुपारभर फिरून घरी येणं आणि बायकोने काही न विचारणं. बाहेरून कुणी आलं नाही. मी तोंड मिटलं.

घाईघाईने फळी घेतली, रेघ मारली, थोरला उलटा केला, दुसरी रेघ मारली. फूटभर अंतरावर दोन रेघा अर्धा सूत सुटल्या होत्या; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणजे चूक पाव सूत. एवढीशी. सात फुटांच्या दारावर जवळजवळ दोन सूत. मी त्या रेघांवर रंधा मारला. भुशात जो पातळ काप पडला तो उचलून खिशात घातला. थोरला पुसून खिळ्यावर टांगला. लोक चहाहून आले तेव्हा मी पाणी पीत होतो.

अमावास्येपर्यंतचे तीन दिवस मी त्या खिळ्याकडे पाठ करून काम केलं. कुणी भिंतीजवळून गेलं तरी माझे कान तापायचे. मनाशी म्हणायचो, मिस्त्रींना दिसेल, त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. दिसावं असंही वाटायचं.

अमावास्येला मिस्त्रींनी पहिला गुण्या थोरल्याला लावला आणि कपाळाला आठी घातली. "हा उघडलाय." पंच मारला. दुसरा लावला. "हापण?" तिसरा. मग हसून म्हणाले, "महिनाभर काय करत होता रे, गुण्यांनी क्रिकेट खेळत होता का?" सगळे हसले. मी माझा गुण्या पुढे केला. दादाने अकरांतून निवडलेला. मिस्त्रींनी त्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी दोन ठोके मारले आणि माझ्या हातात दिला. "हं. आता झाला खरा."

मी तो घेतला आणि त्याच गुण्याने चोवीस दारांपैकी नऊ दारं आखली. बाकीच्यांनी उरलेली आखली. दादा कळंबला होता, त्यामुळे त्याचा गुण्या तेवढा या सुधारण्यातून वाचला.

टेम्पोतून दारं कळंबला गेली त्या दिवशी मिस्त्रींनी मला आणि आणखी दोघांना बरोबर घेतलं. थोरलाही घेतला, कॉटेजेसच्या मालकावर छाप पडावी म्हणून. रस्ताभर तो माझ्या मांडीवर होता. सुरूच्या झाडांमधून वारा येत होता आणि मी त्याच्यावरचं कापड पुन्हा पुन्हा घट्ट करत होतो.

पहिलं दार चौकटीत बसेना. वरच्या कोपऱ्यात दोन सूत फट, खालचा कोपरा घासतोय. दुसरं तसंच. तिसरं तसंच. मालक हात मागे बांधून उभा होता. मिस्त्रींनी थोरला दाराच्या कोपऱ्याला लावला, चपखल. चौकटीच्या कोपऱ्याला लावला, मधून उजेड.

"चौकटी वाकड्या आहेत," मिस्त्री म्हणाले.

"माज्या चौकटी?" दादा हसला. त्याला खरंच गंमत वाटली होती. "मिस्त्री, चौकट सरळ हाय. तुमी थोरला उलटा करून रेघ मारा एकदा."

"थोरला तपासू?"

"मग काय झालं? लोखंडच हाय ते. पडलं असंल कुठं."

मिस्त्री थांबले. ते हट्टी होते, पण वाईट नव्हते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि त्यांना शंका आली होती, हे मी सांगू शकतो. ते आमच्याकडे वळले. कारखान्यातून आलेले आम्ही तिघं होतो.

"थोरला पडला होता का? कुणाच्या हातून?"

दोघं नाही म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. दादानेही बघितलं. त्याच्या नजरेत विश्वास होता, आपलाच माणूस आहे असा. मी म्हणालो, "नाही, मिस्त्री."

"खिळ्यावर टांगलेला गुण्या आपोआप बिघडत नाही," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी थोरला कापडात गुंडाळला.

"द्या इकडं, मी मारतो रेघ," दादा पुढे झाला.

"माझ्या बापाचा गुण्या तू तपासणार? चौकटी चुकल्या त्या चुकल्या, वर मालकासमोर मला खोटा पाडतोस?"

"मी खोटं नाय पाडत. मी फक्त सांगतो, उलटा करा."

"वय झालं तुझं," मिस्त्री म्हणाले. "नजर गेली. कबूल कर आणि गप बस."

दादाने आपला गुण्या पिशवीत घातला. मला म्हणाला, "कोकन्या, तू तरी बग रं एकदा." मी सुरूच्या झाडांकडे बघितलं. तो तसाच चालत रस्त्यावर गेला. दारं शेवटी रंधा मारून बसवली. चौकटींना कुणी हात लावला नाही, त्या आजही सरळ असतील.

तीन दिवसांनी तो आपली हत्यारं घ्यायला कारखान्यात आला. दुपारची वेळ होती, आम्ही सगळे टेम्पोत फळ्या भरत होतो. तो आत दहा-पंधरा मिनिटं एकटा होता. पेटी घेऊन निघाला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "तुझी दारं चांगली झाली होती. काय झालं कळत नाय बघ." आणि गेला.

त्यानंतर मी जे केलं ते पडण्यापेक्षा वाईट होतं, आणि ते मी चांगल्या हेतूने केलं. मला वाटलं, निदान पुढची कामं तरी खरी होऊ देत. आणि खरं सांगायचं तर भीती वाटत होती, की पुढच्या चौकटीला पुन्हा असंच होईल आणि या वेळी दोष ढकलायला दादा नसेल. एका दुपारी मी थोरला काढला आणि पंचाने मागच्या बाजूला, भिंतीकडे असते त्या बाजूला, आतल्या कोपऱ्याशी तीन ठोके मारले. उलटा करून रेघ मारली. एकच रेघ. ठोक्यांच्या खुणांवर तेल आणि काजळी चोळली आणि टांगून ठेवला. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

पुढच्या अमावास्येचा मी विचारच केला नव्हता. थोरला खरा झाला होता, आणि त्याच्याशी महिन्यापूर्वी जुळवलेले आमचे पाचही गुण्ये आता खोटे ठरले. मिस्त्रींनी एक लावला, दुसरा लावला, पाचवा लावला आणि खाली ठेवला. या वेळी ते हसले नाहीत.

"पाचही? एकदम?"

कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री, तो हत्यारं न्यायला आला होता तेव्हा आत एकटाच होता."

दुसरा म्हणाला, "जाता जाता हात साफ करून गेला."

मी पाचवा होतो. माझा गुण्या समोर पडला होता. आता बोललो असतो तर दोन गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या, कळंबला एक होती. भीतीचं असंच असतं, थांबलो तेवढं ओझं वाढत गेलं. मी मान हलवली. हो म्हणून नव्हे, नुसती हलवली. पण त्यांना हो वाटलं.

सुताराला चोर म्हटलं तरी त्याला काम मिळतं. पण दुसऱ्याची हत्यारं बिघडवणारा म्हटलं की संपलं. वखारीतून ही गोष्ट वसईपासून विरारपर्यंत पोचली. दादाला कुठल्याच कारखान्याने उभं केलं नाही. वर्षभराने कळलं की तो नायगाव पूर्वेला एका नव्या बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन म्हणून बसतो. एकदा तुळिंजच्या बाजारात त्याने मला लांबून बघितलं आणि हात वर केला. मी भाजीच्या गाड्यामागे वाकलो आणि कोथिंबिरीची जुडी उलटसुलट करत राहिलो, तो जाईपर्यंत. भाजीवाली म्हणाली, "काका, घेणार की तिचं लग्न लावणार?"

तेव्हापासून घरात साधा चमचा पडला तरी मी दचकून उभा राहतो. बायको विचारायची, एवढं दचकायला काय झालं? मी म्हणायचो, कामाची सवय.

मिस्त्रींनी कारखाना बंद केला त्या दिवशी थोरला माझ्या हातात दिला. देण्यापूर्वी त्यांनी तो पालथा केला आणि आतल्या कोपऱ्यावरून, त्या तीन खुणांवरून, अंगठा फिरवला. माझ्याकडे बघितलं. "तुझ्याकडेच असू दे," एवढंच म्हणाले. त्यांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि आता तेही नाहीत.

जूचंद्रला जायला मी तीनदा निघालो. पहिल्यांदा नायगाव स्टेशनातून परत फिरलो, दुसऱ्यांदा गावाच्या वेशीवरून. तिसऱ्यांदा पोचलो. मागच्या वर्षीची गोष्ट, तो जाण्याच्या दीड महिना आधीची. पिशवीत फलाटीनमध्ये गुंडाळलेला थोरला होता. ठरवलं होतं, बोलता आलं नाही तर नुसता पालथा करून खुणा दाखवायच्या. सुताराला तेवढं पुरतं.

तो अंगणात खुर्चीवर बसला होता, खूप वाळला होता. सून म्हणाली, "कोन आलंय बगा."

त्याने डोळे बारीक केले. "कोकन्या! आरं, तू म्हातारा झालास की रं!" आणि सुनेला म्हणाला, "चा टाक. आनि भाकरी हाय का बग, यो दुसऱ्याच्या डब्यातलं लई खायाचा."

चहा झाला. मी पिशवी मांडीवर धरून बसलो होतो. मी बोलायच्या आधी तोच म्हणाला, "एक काम कर माजं. मना आता दिसत नाय नीट. त्या पडवीत माजा गुन्या हाय. जरा उलटा करून बग, खरा हाय का?"

पडवीत खिळ्याला त्याचा गुण्या टांगलेला होता. गंज नव्हता, तेल लावलेलं होतं. वीस-बावीस वर्षं ज्या माणसाला कुणी काम दिलं नाही, त्याने त्याला तेल लावलं होतं. मी फळी घेतली, सुनेकडून पेन्सिल घेतली. पहिली रेघ मारली, गुण्या पालथा केला, दुसरी मारली. एकच रेघ. पेन्सिलीची जाडीसुद्धा वाढली नव्हती.

"काय?" तो पुढे वाकला होता.

"खरा आहे, दादा. एकदम खरा."

त्याने फळी हातात घेतली. बोटाने त्या रेघेवरून चाचपत राहिला. मग म्हणाला, "मना नंतर वाटाय लागलं होतं, की माजीच नजर गेली होती. घरात पन समदे तेच बोलायचे. मी कुनाचा गुन्या नाय ठोकला रं. पन चौकट? चौकटीचं मना सांगता येत नव्हतं." तो माझ्याकडे वळला. "गुन्या खरा हाय म्हनतोस. मग त्या दिवशी काय झालं असंल?"

त्याने विचारलं होतं. यापेक्षा सोपं करून कुणी मला देणार नव्हतं. पिशवीवरून माझ्या बोटांना थोरल्याचा कोपरा लागत होता. सून दारात उभी होती, आतून कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. कळंबला वाटली होती तीच भीती पुन्हा वाटली. मी सदुसष्ट वर्षांचा, मला आता कोण हाकलणार होतं? तरी वाटली.

"समुद्राची हवा, दादा," मी म्हणालो. "लाकूड फुगलं असेल."

"हं," तो म्हणाला. "असंल." आणि फळी मांडीवर घेऊन मागे टेकला.

मी उठलो. तो म्हणाला, पुन्हा ये, पुढल्या वेळेला जेवायलाच ये. मी हो म्हणालो. रिक्षा गावाबाहेर पडेपर्यंत मी पिशवी छातीशी धरली होती. वेशीवर ओठ हलले, आणि ते शब्द आवाज न होता बाहेर आले. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं, म्हणाला, "काका, काय म्हणालात?" मी म्हणालो, काही नाही. पण जे म्हणालो ते हे होतं, आणि ते त्याच्यासाठी होतं:

पडला, दादा. थोरला पडला होता. माझ्या हातून पडला आणि मी ओरडलो नाही. तुमच्या चौकटी सरळ होत्या. तुमची नजर शाबूत होती. मला माफ करा.